हाल्वर बघू लागला

माझा जन्म झाला त्याच महिन्यात माझ्या भावाला घरातून पाठवून दिलं. ही गोष्ट मला कुणी मुद्दाम सांगितली नाही, पण कुणी लपवलीही नाही. जुन्या गोष्टी निघाल्या आणि कुणी विचारलं, "ते सत्तावन्न साल की अठ्ठावन्न?" की आई म्हणायची, "अठ्ठावन्न. गुनवोर आली आणि हाल्वर गेला, ते." एवढं बोलून ती भांडी आवरायला उठायची.

हाल्वर माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांचे केस डांबरासारखे काळे, आईचे गडद तपकिरी; हाल्वरचे मात्र वाळल्या गवतासारखे पांढुरके होते. पाच वर्षांचा झाला तरी बोलेना. बसल्या जागी पुढेमागे डोलायचा आणि डाव्या हाताचा पंजा चावायचा, अगदी रक्त येईपर्यंत. शिवाय त्याच्या अंगाला एक वास होता, उंदीर झालेल्या बंद कोठीचा असतो तसा. आई त्याला दिवसातून दोनदा साबण लावून घासायची. वास जायचा नाही. गावातल्या बायका आईबद्दल म्हणायच्या, इंगेब्योर गाईंना धुते तेवढं पोराला धुवत नाही.

तो सात वर्षांचा असताना आई-वडील त्याला बर्गेनला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या लघवीत औषधाचे चार थेंब टाकले आणि ती गर्द हिरवी झाली. आईनं तो रंग मला पुढे कितीदा सांगितला असेल! "शेवाळासारखा गं. माणसाच्या अंगातून आलेला वाटेचना."

लग्नाआधी आई सार्डिनच्या कारखान्यात कामाला होती. डॉक्टरांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं. आपण मांस खातो, मासे, दूध, अंडी खातो. त्यातल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. त्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात, आणि त्यांतल्या एकाचं नाव फेनिलॅलनीन. यकृतात एक एन्झाइम असतं, ते या फेनिलॅलनीनला बदलून पुढच्या कामाला लावतं. "तुमच्या कारखान्यात माशांची डोकी कापणारी मुलगी कामावर आलीच नाही असं समजा," डॉक्टर म्हणाले. "मासे येतच राहतात. टेबलावर ढीग होतो, जमिनीवर ढीग होतो, शेवटी सगळा कारखाना नासतो." हाल्वरच्या अंगात ती मुलगी जन्मापासूनच नव्हती. आईकडून अर्धी खोट आलेली, वडिलांकडून अर्धी, दोघं धडधाकट. डोक्यात जे नासायचं ते नासून गेलं होतं. केसांचा काळा रंगही त्याच रांगेत पुढे तयार होतो, म्हणून केस पांढुरके.

मी तीन आठवड्यांची झाले तेव्हा डॉक्टरांनी माझ्या लंगोटावर तेच थेंब टाकले. डाग हिरवा झाला.

पण माझ्या वेळेला इलाज निघाला होता. इंग्लंडहून डबे यायचे. त्यात एक भुकटी असायची, सगळी अमिनो आम्लं असलेली आणि ते एक जवळजवळ काढून टाकलेली. तिला सडक्या मासळीसारखी घाण यायची. ती भुकटी, तराजूवर तोललेले बटाटे आणि सलगम, एवढ्यावर मला वाढवायचं होतं. बोटभर चीज किंवा घोटभर दूध चुकून तोंडात गेलं तरी घात. घरात हाल्वर होता, तो ताटातलं उचलून कुणाच्याही तोंडात कोंबायचा. आईला दोन हात, सात गाई, आणि वडील अर्धं वर्ष बोटीवर. तेव्हा हाल्वरला फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या, मतिमंदांच्या संस्थेत ठेवलं.

माझं डोकं नीट वाढलं. दहा वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता मेंदू तयार झाला, मुलीला काय हवं ते खाऊ दे. त्या काळी तसंच मानत. मी शाळा पुरी केली, थोडी रेटून रेटून. डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. दुधात प्रथिन किती आहे ते मोजायचं माझं काम. लोकांना त्यात काही गंमत वाटायची नाही, मला वाटायची.

आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फेरीबोटीनं पलीकडे जायची. अठ्ठावीस वर्षांत तिचे चुकलेले रविवार मी हाताच्या बोटांवर मोजून सांगेन. वडील गेले त्या आठवड्यातही ती गेली. मी थोडी मोठी झाल्यावर तिच्याबरोबर जाऊ लागले. आई त्याच्या शेजारी बसायची, त्याच्या केसांत नाक खुपसून वास घ्यायची. ज्या वासाला ती एके काळी घासून घासून थकली, तोच आता तिला त्याची खूण वाटायचा. तो डोलत राहायचा. त्याची नजर आमच्यामधून आरपार भिंतीवर जायची. चार वाजता आम्ही उठायचो, तेव्हा तो मान वळवून बघायचाही नाही.

बोटीवर आई दर वेळी एकच बोलायची. "त्याला काही कळत नाही गं. आम्ही आलो काय, गेलो काय. वासराला कळतं तेवढंही नाही. देवाची तेवढी तरी कृपा." त्या एका वाक्याच्या आधारानं तिनं सगळी वर्षं काढली, हे मला फार उशिरा समजलं.

शहाऐंशी सालच्या शरदात माझ्या नवऱ्याचं, आइविनचं आणि माझं ठरलं की मूल हवं. डॉ. हेल्त्ने म्हणून एक बाई माझं बघायच्या. त्या म्हणाल्या, "आधी पथ्य सुरू. तुझ्या रक्तात जे साठतं त्यानं पोटातल्या बाळाचं डोकं जळेल." अठरा वर्षांनी ती भुकटी पुन्हा माझ्या टेबलावर आली. आइविननं एकदा वास घेतला आणि म्हणाला, "बाई गं, पोर दत्तक घेऊ या का?"

सहा आठवड्यांनी एका सकाळी मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर लक्षात आलं की असं मी आजवर कधीच केलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं घड्याळ एवढ्या मोठ्यानं टिकटिकतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात अठरा वर्षं धुकं होतं आणि मी त्यालाच हवा समजत होते.

आणि मग हाल्वर मनात आला, तो जाईचना.

"जळलेलं परत येत नाही, गुनवोर," डॉ. हेल्त्ने म्हणाल्या. "सदतीस वर्षांचा आहे तो. उगाच आशा लावून घेऊ नकोस. पण रोज नवीन जे साठतंय ते कमी होईल. हात चावणं थांबलं तरी पुष्कळ."

आई त्याची कायदेशीर पालक. तिनं त्याच्या पंजावरचे व्रण आठवले आणि सही केली.

जानेवारीत पथ्य सुरू झालं. हाल्वरच्या विभागात आर्विद नावाचा एक आडदांड माणूस कामाला होता, सगळा भार त्याच्यावर पडला. पहिले तीन आठवडे हाल्वरनं भुकटीचे पेले भिंतीवर फेकले. मग आर्विदनं स्वतःसाठी एक पेला बनवायला सुरुवात केली. दोघं समोरासमोर बसून प्यायचे. "मी प्यायलो की तो पितो," आर्विद मला फोनवर म्हणाला. "माझी बायको आता माझ्याजवळ झोपत नाही, तेवढं सोडलं तर सगळं छान चाललंय."

मार्चमध्ये हाल्वरनं हात चावायचं थांबवलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. आई नेहमीसारखी त्याच्या शेजारी बसली, केसांत नाक घातलं, आणि चटका बसल्यासारखी मागे सरली.

"हा कोण आहे?"

"आई, हाल्वर आहे."

"ह्याला वास नाही."

"पथ्यानं गेला असेल. चांगलंच आहे की."

 त्या दिवशी तिनं त्याला पुन्हा हात लावला नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याची नजर भिंतीवर नव्हती. ती आईच्या कोटाच्या बटणांवर होती. एकेका बटणावरून सरकत ती वर चालली होती, गळ्याशी आली, हनुवटीशी आली. आई झटकन उठून खिडकीशी गेली.  कितीतरी वर्षं बंद असलेल्या घरात दिवा लागलेला दिसावा तसं झालं मला. आनंद व्हायला हवा होता आणि मी घाबरले होते.

पुढच्या महिन्यात त्याहून वाईट झालं, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. जानेवारीपासून त्याचे केस मुळाशी काळे उगवत होते. एन्झाइम नव्हतंच, पण ज्यातून रंग बनतो तो तुकडा आता भुकटीतून सरळ मिळत होता आणि मधला ढीगही हटला होता. शनिवारी आर्विदनं हौसेनं त्याचे केस कापले. वरची पांढुरकी टोकं सगळी गेली. रविवारी आम्ही दारातून आत आलो, तर खुर्चीत आमचे वडील बसले होते.

मोन्स. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुरलेला माणूस. तेच काळे, दाट, कपाळावर टोकदार उतरलेले केस, तीच रुंद भुवई. सदतिशीतला. त्यानं मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं.

आईनं दाराची चौकट धरली. "बंद करा हे," ती हळू आवाजात म्हणाली. मग आर्विदकडे वळून, "टोपी घाला त्याला. टोपी नाही का तुमच्याकडे?"

आर्विद बिचारा गोंधळून टोपी आणायला धावला.

चार वाजता आम्ही निघालो. जिन्यावरून उतरताना मागून एक आवाज आला. रडणं म्हणता येणार नाही, हाक तर नाहीच. जड लाकूड फरशीवरून ओढावं तसा. बाहेर आल्यावर मी वर बघितलं. खिडकीत हाल्वर उभा होता, दोन्ही पंजे काचेवर टेकून. आई बोटीपर्यंत सरळ चालत गेली. बोटीवर नेहमीचं वाक्य ती बोलली नाही.

बुधवारी आर्विदचा फोन आला. "तो खिडकीतून हलत नाही. जेवायलाही उचलून आणावं लागतं. बोट दिसली की पंजा काचेवर आपटतो."

आईला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि संध्याकाळी सांगून बसले.

ती विणत होती. सुया थांबल्या. "आधीही कळत होतं का गं त्याला?"

"आधी कसं कळेल?"

"मी काय विचारते ते ऐक. आत होता का तो? हे सगळं कळून, नुसतं दाखवता येत नव्हतं, असं होतं का?"

मी डॉ. हेल्त्नेंना विचारलं.  "माहीत नाही," म्हणाल्या. "आणि जो कुणी माहीत आहे म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

हे उत्तर मी आईला जसंच्या तसं दिलं. तेव्हापासून तिची झोप गेली. ती मला म्हणायची, गोठ्यात मागे कुणी उभं आहे असं वाटतं. म्हणायची, धार काढताना मान वळवायची भीती वाटते. एकदा म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं, दर वर्षाचे बारा. एवढ्या वेळा मी त्याच्याकडे पाठ करून जिना उतरले." आणि एक दिवस स्पष्टच बोलली. "त्याला परत झोपवा, गुनवोर. हे त्याच्या भल्याचं नाही."

"त्याच्या की तुझ्या?"

"तोंड सांभाळ."

पथ्य बंद करायला मी कडाडून नकार दिला. आई पुन्हा बोलली नाही; तिनं मनातून सोडून दिलं असं मला वाटलं. तेवढ्यात मला दिवस गेले आणि माझं लक्ष माझ्यात गुंतलं.

ऑगस्टमध्ये आर्विदचा फोन आला, तो या वेळी हसत नव्हता. "रक्ताचा आकडा वर गेलाय. मी एकेक बटाटा तोलतो, मग हे येतं कुठून? आणि दुसरं म्हणजे, धुण्याच्या बाया ओरडतायत. त्याच्या पँटच्या खिशांतून तपकिरी चीज निघतंय. ढिगानं."

"चीज? कुणी दिलं?"

तो अडखळला. "तुझी आई हल्ली दर बुधवारी आणि शनिवारी येते. तुला माहीत असेल असं मला वाटलं."

मला माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी मी डेअरीतून सुट्टी घेतली आणि दुपारच्या बोटीनं पलीकडे गेले. संस्थेच्या मागे धुणं वाळत घालतात तिथे एक बाक आहे. चादरींच्या आडून मला दोघं दिसली. आईच्या मांडीवर कागदात वॉफल, त्यावर आमच्या घरच्या चीजच्या जाड चकत्या. ती एकेक चकती त्याच्या हातात देत होती आणि लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत होती, "खा. खा रे राजा. खाल्लं की बरं वाटेल."

"आई!"

ती दचकली नाही. माझी वाटच बघत असल्यासारखी म्हणाली, "ये. तूही बघ."

"तू विष घालते आहेस त्याला."

"मी चीज घालते आहे. तुझ्या वाट्याचं मी दहा वर्षं कपाटात कोंडून ठेवलं. आज त्याला देते आहे, बस." ती पूर्ण माझ्याकडे वळली. "मला माझा हाल्वर परत दे. ज्याला काही कळत नाही तो. ह्या माणसाची मला भीती वाटते."

मी कागद हिसकावून घ्यायला पुढे झाले आणि थांबले, कारण माझं लक्ष हाल्वरकडे गेलं. तो आईकडे बघत होता. तिचं तोंड माझ्याकडे वळलेलं बघून त्यानं हातातली चकती हळूच खाली नेली आणि खिशात सरकवली. मग रिकामा हात पुन्हा तिच्यापुढे धरला. तिनं वळून दुसरी चकती दिली. तिच्यासमोर त्यानं एक लहानसा कण चावला, आणि वाट बघत राहिला.

"तो खात नाहीये, आई," मी म्हटलं.

"खातो. सगळं खातो. पोट भरेपर्यंत मागतो."

"त्याचे खिसे बघ."

तिनं त्याच्या खिशात हात घातला. चीजचा मऊ, मळकट गोळा बाहेर आला. दुसऱ्या खिशातही तेच. ती त्या गोळ्याकडे बघत राहिली. तिला उमजेना.

मलाही क्षणभर उमजलं नव्हतं. "पोट भरून त्याचा हात पुढे येईनासा झाला की तू काय करतेस?" मी विचारलं.

"काय म्हणजे? कागद घडी करते आणि उठते. बोट असते ना—"

ती तिथेच थांबली. कागदावर अजून दोन चकत्या होत्या. हाल्वरनं त्यांच्याकडे बघितलं, मग आईच्या पायांकडे, ते जमिनीवर आहेत ना, उठायच्या बेतात नाहीत ना, हे तपासल्यासारखं. आणि त्यानं तिच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली.

अंगात साठणारं जहर जिभेला हवंहवंसं वाटतं. आमच्याकडचं तपकिरी चीज गोड असतं, आणि आमच्या आजारातही ते गोडच लागतं, हे मी जाणते. ज्याला आयुष्यात चमचा धरता आला नाही, त्या माणसानं ते गोड तोंडाशी आणून मागे घेतलं होतं, आठवड्यातून दोनदा, ती थोडी जास्त वेळ बसावी म्हणून.

आई रडली नाही. तिनं तो गोळा गवतात टाकला, हात कोटाला पुसले आणि चारची बोट जाऊ दिली. मग साडेसहाचीही जाऊ दिली. मी एकटी परत आले.

पुढच्या महिन्यात तिनं गाई विकल्या. बासष्ट वर्षांची बाई, संस्थेच्या मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या स्वयंपाकघरात मला घ्या, हाल्वरचं ताट मी तोलते. हे काम तुमच्या कुणाहून मला चांगलं येतं. आर्विदनं मध्ये तोंड घातलं, "घ्या हो साहेब, नाहीतर ती भुकटी मला जन्मभर प्यावी लागेल." तिला घेतलं.

फेब्रुवारीत मला मुलगी झाली. तिची टाच टोचून रक्त तपासलं, आजार निघाला नाही. थोडी मोठी झाल्यावर मी तिला घेऊन पलीकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एका स्टुलावर हाल्वर बसला होता. आता तो डोलत नव्हता. आई आत बटाटे सोलत होती.

"बरं चाललंय ना?" मी विचारलं.

"बरं?" ती म्हणाली. "सकाळी सातपासून तो तिथे बसतो. बोलत नाही, मागत नाही. नुसता बघतो माझ्याकडे. रागावलाय का, विचारतोय का, काही कळत नाही. एक दिवस असा नाही की बघितलं नाही."

"मग तू काय करतेस?"

"सहा महिने खाली मान घालून बटाटे सोलले." तिनं सुरी ठेवली. "आता मीही बघते. काय करणार?"

एक्याण्णवला सरकारनं असल्या सगळ्या संस्था बंद केल्या. हाल्वरला आमच्या गावात दोन खोल्या मिळाल्या, आई शेजारीच राहायला आली. ती वारल्यावर तो अकरा आठवडे तिला शोधत राहिला. कपाटात, पलंगाखाली, एकदा तर मोटारीच्या डिकीत. मग शोधणं थांबलं. का थांबलं ते मला ठाऊक नाही.

आता त्याची ताटं मी तोलते. महिन्यातून एकदा आम्हा दोघांचं बोट टोचून कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे आणि एकाच पाकिटातून ऑस्लोला पाठवायचे असतात. त्याचा आकडा नेहमी माझ्याहून चांगला येतो. बोट टोचताना त्याला दुखतं, पण तो हात काढून घेत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत असतो. मी त्याच्या बोटाकडे बघते.